स्वस्त सीडी प्लेअर आणि कानांची कसोटी

१ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनी कंपनीचा सीडीपी-१०१ हा सीडी प्लेअर जपानच्या बाजारात आला. त्याची किंमत १,६८,००० येन होती. १९८४ च्या अखेरीस याच कंपनीचा डी-५० हा लहानसा प्लेअर ४९,८०० येनना मिळू लागला. अवघ्या दोन वर्षांत किंमत एक-तृतीयांशाच्याही खाली आली.

किमती उतरल्या तसा युरोप-अमेरिकेतील संगीतप्रेमींमध्ये एक नवा छंद मूळ धरू लागला. स्वस्तातला प्लेअर आणायचा, त्याचे झाकण उघडायचे, आतले काही भाग काढून तेथे अधिक महाग भाग डाख देऊन बसवायचे, आणि आता हा दहापट किमतीच्या यंत्रासारखा वाजतो असे मित्रांना सांगायचे. या उद्योगाला हौशी मंडळी ‘मॉडिफिकेशन’ किंवा नुसते ‘मॉड’ म्हणत. आपण त्याला ‘फेरबदल’ म्हणू. ‘सुधारणा’ हा शब्द मुद्दामच टाळू, कारण सुधारणा झाली की नाही हाच तर प्रश्न आहे.

सीडी प्लेअर आता बहुतेक घरांतून अडगळीत गेले. तरीही हा प्रश्न शिळा झालेला नाही. शेकडो माणसे प्रामाणिकपणे सांगतात की फरक स्पष्ट ऐकू येतो. मोजमापे सांगतात की तो ऐकू येण्याजोगा नाही. अशा वेळी कोणाचे खरे मानायचे आणि कसे ठरवायचे? सीडी प्लेअरच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची एक चांगली पद्धत सापडते. त्यासाठी तीन प्रश्न एकमेकांपासून वेगळे ठेवावे लागतात. फेरबदलामुळे यंत्रातून बाहेर पडणाऱ्या संकेतात फरक पडतो का? पडला तर तो कानाला कळतो का? आणि कळला तर तो चांगल्याच्या दिशेने असतो का?

तबकडीवरचे आकडे

सीडीवर ध्वनी आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो. ध्वनिलहरीची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते. हा विचित्र आकडा आला कोठून? सीडीच्या आधी डिजिटल ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवत. अमेरिका-जपानच्या पद्धतीत सेकंदाला ६० चित्रक्षेत्रे, प्रत्येकात वापरण्याजोग्या २४५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३ आकडे बसत. ६० × २४५ × ३ = ४४,१००. युरोपीय पद्धतीत ५० × २९४ × ३, म्हणजे पुन्हा ४४,१००! दोन्हीकडे चालणारा हा आकडा फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये ठरवलेल्या प्रमाणकात कायम झाला.

प्रत्येक आकडा १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. डावी आणि उजवी अशा दोन वाहिन्या धरल्या तर ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट दर सेकंदाला लागतात. हे बिट सूक्ष्म खळग्यांच्या रूपात एका सर्पिल रेषेवर कोरलेले असतात. रेषेच्या लगतच्या दोन वेढ्यांत अंतर असते १.६ मायक्रोमीटर. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेसर हे खळगे वाचतो. वाचण्यात चूक होतेच. म्हणून आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेल्या संकेतपद्धतीचा आधार घेतला आहे. तिच्यामुळे रेषेचा सुमारे अडीच मिलिमीटर भाग वाचता आला नाही तरी हरवलेले आकडे गणिताने जसेच्या तसे परत मिळवता येतात.

ग्रामोफोनची तबकडी आणि सीडी यांतला मुख्य फरक येथे आहे. ग्रामोफोनवर धुळीचा कण आला तर तोही वाजतो, मोटरची थरथर सुईपर्यंत पोचते, सुईचे वजन बदलले तर आवाज बदलतो. ग्रामोफोनच्या शौकिनाने फिरत्या चकतीखाली जड फरशी ठेवली, सुई बदलली, दांडीचा तोल साधला, तर आवाजात खरोखर फरक पडे आणि तो मोजताही येई. सीडी आली तेव्हा अनुभवाने कमावलेली हीच सवय नव्या यंत्राला लावली गेली. हौशी लोक मूर्ख नव्हते. जुन्या यंत्राबाबत त्यांचे बरोबर होते. नवे यंत्र वेगळ्या तत्त्वावर चालते आणि त्यात आकडा एकदा बरोबर वाचला गेला की थरथरीचा माग त्यात उरत नाही, ही गोष्ट मात्र सवयीच्या आड राहिली.

फेरबदलांचा बाजार

पहिल्या पिढीच्या यंत्रांत त्रुटी होत्या, हेही सांगितले पाहिजे. सीडीपी-१०१ मध्ये आकड्यांचे विद्युत-संकेतात रूपांतर करणारा एकच परिवर्तक दोन्ही वाहिन्यांसाठी आळीपाळीने वापरलेला होता. त्यामुळे एक वाहिनी दुसरीपेक्षा सुमारे ११ मायक्रोसेकंद मागे राही. फिलिप्सने प्रत्येक वाहिनीला स्वतंत्र परिवर्तक दिला, पण तो १४ बिटांचा होता. उरलेली कसर भरून काढण्यासाठी आकड्यांची गती चौपट, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० करून गोंगाट ऐकू न येणाऱ्या वारंवारतांकडे ढकलण्याची युक्ती वापरली. कोणती पद्धत सरस यावर अभियंत्यांत वाद झाले, मासिकांतून ते वाचकांपर्यंत पोचले आणि ‘आत काहीतरी सुधारण्यासारखे आहे’ ही भावना रुजली.

मग कंपन्याही पुढे आल्या. इंग्लंडमधील मेरिडियन कंपनीने फिलिप्सच्या प्लेअरमध्ये फेरबदल करून तो एमसीडी या नावाने विकला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया ऑडिओ लॅब्ज या कंपनीने संकेत बाहेर देणाऱ्या भागात ट्रान्झिस्टरऐवजी निर्वात नळ्या बसवल्या. १९९० च्या दशकात मरांट्झ कंपनीने आपल्याच सीडी-६३ या माफक किमतीच्या प्लेअरची, केन इशिवाता या अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी, तांब्याचा मुलामा दिलेल्या सांगाड्याची आवृत्ती काढली. ज्यांना डाख देता येत नव्हता त्यांच्यासाठी १९९० च्या सुमारास आणखी सोपा उपाय निघाला. सीडीच्या कडेला हिरव्या शाईच्या पेनाने रंग लावायचा! भरकटलेला लेसरचा प्रकाश हिरवा रंग शोषून घेतो आणि आवाज स्वच्छ होतो, असे सांगण्यात येई.

कोणत्या बदलाने काय होते?

हिरव्या शाईपासून सुरुवात करू. लेसर अवरक्त आहे, म्हणून शाई आपल्या डोळ्यांना हिरवी दिसते यावरून ती ७८० नॅनोमीटरचा प्रकाश शोषते की नाही हे कळतच नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की येथे तपासणी सोपी आहे. शाई लावण्यापूर्वी आणि नंतर तबकडीवरचे सर्व आकडे संगणकात उतरवून घ्यावेत आणि जुळवून पाहावेत. दोन्ही वेळा आकडे तेच असतील, तर शाईने सुधारण्यासारखे काही तेथे नव्हतेच.

दुसरा फेरबदल घड्याळाचा. आकडे ठरावीक क्षणी बाहेर पडावेत म्हणून प्लेअरमध्ये क्वार्ट्झचा स्फटिक असतो. त्याच्या ठोक्यांत किंचित पुढेमागे होते, त्याला ‘जिटर’ म्हणतात. जिटर वाढला तर संकेत बिघडतो, हे तत्त्वतः खरे आहे. प्रश्न किती वाढल्यावर ऐकू येतो हा आहे. बेंजामिन आणि गॅनन या अमेरिकन संशोधकांना १९९८ मध्ये असे आढळले की खास निवडलेल्या शुद्ध स्वरांत सुमारे १० नॅनोसेकंदांपर्यंतचा जिटर ओळखता येतो, संगीतात मात्र त्याहून अधिक लागतो. जपानमध्ये आशिहारा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संगीतातला यादृच्छिक जिटर ओळखू येण्यासाठी तो काही शे नॅनोसेकंद असावा लागला. धडधाकट स्वस्त प्लेअरचा जिटर याच्या पुष्कळ खाली असतो.

तिसरा आणि सर्वांत आवडता फेरबदल म्हणजे कपॅसिटर बदलणे. येथे वर्गातल्या फळ्यावर मांडता येईल असा हिशेब आहे. प्लेअरच्या बाहेरच्या टोकाशी १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे आणि पुढे १० किलोओहमचा रोध आहे असे समजा. ही जोडी ज्या वारंवारतेखाली संकेत कमी करू लागते ती १/(२πRC), म्हणजे सुमारे १.६ हर्ट्झ. आपल्याला ऐकू येणाऱ्या सर्वांत खालच्या, २० हर्ट्झच्या स्वरात यामुळे होणारी घट ०.०३ डेसिबलहूनही कमी भरते. कपॅसिटर दहापट मोठा केला तर हीच घट जवळजवळ शून्य होते. फरक खरा आहे आणि मोजताही येतो. पण तीव्रतेतला अर्धा ते एक डेसिबल फरक कळायलाही कानाला लक्ष द्यावे लागते. एक अपवाद ध्यानात ठेवावा. पंधरा-वीस वर्षांत कपॅसिटर सुकतात, लेसरच्या भिंगावर धूळ बसते. असा प्लेअर नवे भाग घालून सुधारला तर आवाज खरोखर सुधारेल. ती दुरुस्ती झाली. नव्या यंत्राला तीच औषधे देण्याचे समर्थन तीतून होत नाही.

चौथा प्रकार मात्र वेगळा आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये काही हौशी अभियंत्यांनी परिवर्तकाच्या आधीचा डिजिटल गाळक काढूनच टाकला. त्यामुळे प्रत्येक आकडा पुढचा येईपर्यंत पायरीसारखा स्थिर राहतो. अशा पायऱ्यांच्या संकेतात १० किलोहर्ट्झला सुमारे पाऊण डेसिबल आणि २० किलोहर्ट्झला ३.२ डेसिबल घट होते, हे गणिताने निघते. ही घट तरुण कानांना कळू शकते. कित्येकांना तो आवाज ‘मऊ’ आणि सुखद वाटला. म्हणजे येथे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ‘हो’ अशी आहेत. तिसऱ्याचे काय? मूळ ध्वनिमुद्रणाशी इमान हे चांगलेपणाचे माप धरले तर हा आवाज आधीपेक्षा वाईट आहे, आवड हे माप धरले तर कोणाला तो चांगला आहे. फेरबदल ऐकू आला म्हणजे सुधारणा झाली, असे म्हणता येत नाही.

मोठा आवाज, चांगला आवाज

मग ज्या फेरबदलांनी कानाला कळण्याजोगे काही होत नाही, त्यांतही लोकांना फरक कसा ऐकू येतो?

एक कारण भौतिकीतले आहे. सीडी प्लेअर साधारणपणे जास्तीत जास्त २ व्होल्टचा संकेत देतो. फेरबदलानंतर तो २.१ व्होल्ट झाला तर फरक सुमारे ०.४ डेसिबल होतो. इतका फरक ‘आवाज मोठा झाला’ असा जाणवत नाही. तो ‘स्वर मोकळे झाले’, ‘तबल्याचा ठेका उठून दिसू लागला’ असा जाणवतो. म्हणून तुलना करताना दोन्ही यंत्रांची तीव्रता ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे व्होल्टेज सुमारे एक टक्क्याच्या आत जुळवून घ्यावी लागते. कानाने हे जुळवता येत नाही, त्याला मीटर लागतो.

दुसरे कारण मनाचे आहे. ज्याने दोन संध्याकाळी खपून, पैसे खर्चून भाग बदलले त्याला फरक अपेक्षित असतो, आणि तो अधिक लक्ष देऊन ऐकतो. लक्ष देऊन ऐकले की पूर्वी निसटलेले तपशील ऐकू येतात. ते तपशील तबकडीवर आधीपासून होतेच. यात खोटेपणा कोणाचाही नाही.

झाकून ऐकणे

अपेक्षेचा परिणाम वगळण्याचा उपाय फार जुना आहे. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने मेस्मरच्या ‘प्राणी-चुंबकत्वा’ची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन आणि लव्हाझिए होते. समितीने एका मुलाचे डोळे बांधून त्याला बागेतल्या झाडांजवळ नेले. त्यांतले एकच झाड ‘चुंबकित’ केलेले होते. मुलगा चौथ्या झाडापाशी मूर्च्छित पडला, आणि ते झाड ‘चुंबकित’ नव्हते. मूर्च्छा खरी होती, तिचे कारण मात्र झाडात नव्हते.

ध्वनीच्या अभ्यासात ही पद्धत नेटकी केली ती अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील मन्सन आणि गार्डनर यांनी, १९५० मध्ये. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेट्रॉइट परिसरातील ध्वनियंत्रांच्या काही हौशी अभियंत्यांनी तिच्यावर बेतलेली एक पेटी तयार केली. तिला तीन स्थिती होत्या. ‘ए’ म्हणजे पहिले यंत्र, ‘बी’ म्हणजे दुसरे आणि ‘एक्स’ म्हणजे या दोहोंपैकी कोणते तरी एक. एक्स कोणते हे पेटीच चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवते. ऐकणाऱ्याला ते ठाऊक नसते आणि प्रयोग घेणाऱ्यालाही नसते, म्हणून या पद्धतीला ‘डबल ब्लाइंड’ म्हणतात. ऐकणाऱ्याने हवा तितका वेळ, हवे ते संगीत ऐकून एक्स म्हणजे ए की बी एवढेच सांगायचे. डेव्हिड क्लार्क यांनी या पेटीचे शास्त्रीय वर्णन १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. पहिला सीडी प्लेअर बाजारात आला तेही हेच वर्ष.

या पद्धतीने झालेला आपल्या विषयाला सर्वांत जवळचा प्रयोग २००७ मध्ये बॉस्टनच्या मेयर आणि मोरन यांनी प्रसिद्ध केला. सीडीहून कितीतरी अधिक बारकावे साठवणाऱ्या तबकड्यांचा संकेत त्यांनी एकदा सरळ ऐकवला आणि एकदा सीडीच्या प्रमाणकातून, म्हणजे १६ बिट आणि ४४,१०० नमुन्यांतून पार करून ऐकवला. ५५४ वेळांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवले असते तरी २७७ च्या आसपास आले असते. संकेताचे आकडे करणे आणि आकड्यांचा पुन्हा संकेत करणे ही सगळी वाट मध्ये घातली तरी ती ओळखू येत नसेल, तर त्या वाटेवरचा एक कपॅसिटर बदलल्याने रात्रीचा दिवस होईल अशी अपेक्षा फारशी धरता येत नाही.

ही रीत आपल्याकडेही वापरली गेली आहे. २००८ मध्ये पुण्यात डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर, प्रा. सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुले आणि बौद्धिक अपंगत्व असलेली मुले यांच्या कुंडल्या ओळख न देता ज्योतिषांकडे पाठवल्या. प्रत्येकी ४० कुंडल्या पाहून २७ ज्योतिषांनी उत्तरे दिली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. विषय वेगळा, पण प्रश्न तोच होता. नाव झाकले तर ओळख पटते का?

‘ऐकू आले नाही’ याचा अर्थ

आता दुसरी बाजू. १६ वेळा चाचणी घेतली आणि केवळ अंदाजाने उत्तरे दिली, तर १२ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता ६५,५३६ पैकी २,५१७, म्हणजे ३.८ टक्के. म्हणून १६ पैकी १२ ही उत्तीर्णतेची रेषा सामान्यतः धरतात. पण समजा एखाद्याला सूक्ष्म फरक खरोखर कळतो आणि तो १०० पैकी ६० वेळा बरोबर सांगतो. असा माणूस ही रेषा ओलांडण्याची शक्यता केवळ १७ टक्के आहे! सहांपैकी पाच वेळा तो नापास होईल आणि आपण ‘फरक नाहीच’ असा चुकीचा निष्कर्ष काढू.

ही निव्वळ कल्पना नाही. लंडनचे जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये सीडीहून उच्च प्रतीच्या ध्वनीसंबंधीचे १८ प्रयोग एकत्र केले. १२,००० हून अधिक चाचण्यांत बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. हे निव्वळ अंदाजापेक्षा किंचित जास्त, आणि इतक्या मोठ्या संख्येत योगायोग म्हणून सोडून देता न येणारे. प्रशिक्षित श्रोत्यांत ते आणखी वाढले. तेव्हा ‘मुळीच फरक नाही’ असे ठाम विधान विज्ञानाला शोभत नाही. ‘फरक असलाच तर तो इतका लहान आहे’ असे म्हणावे आणि ‘इतका’ म्हणजे किती हे आकड्यात सांगावे. हौशी माणूस मात्र ५२ टक्क्यांचा दावा करत नाही. पहिल्याच सुरावर फरक कळला असे तो म्हणतो. असा माणूस १६ पैकी १६ मिळवायला हवा, आणि त्या दाव्याला १६ चाचण्या पुरेशा आहेत.

वर्गात करून पाहण्यासारखे

हा प्रयोग शाळेत सहज होतो. संगणकावर एखाद्या गाण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा घ्या आणि त्याची दुसरी प्रत अर्ध्या डेसिबलने मोठी करा. पहिल्या फेरीत मुलांना सांगा, ‘दुसरी प्रत सुधारलेल्या यंत्रावरची आहे’, आणि काय फरक वाटला ते लिहायला सांगा. दुसऱ्या फेरीत एका विद्यार्थ्याला पडद्यामागे बसवून नाणेफेकीप्रमाणे १६ वेळा प्रत निवडू द्या. फळ्याजवळच्या शिक्षकालाही ती ठाऊक नसावी. तिसऱ्या फेरीत दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या ठेवा आणि पहिल्या फेरीतलेच वाक्य पुन्हा सांगा. तिन्ही वेळचे कागद मुलांसमोर मांडा. तिसऱ्या फेरीत फरक लिहिणाऱ्या मुलांना हसू मात्र नये. त्यांनी जे लिहिले ते त्यांना जाणवलेलेच असते.

आणि घरी कोणाला जुन्या प्लेअरमध्ये फेरबदल करण्याची हौस असेल, तर तीही अवश्य करावी. डाख देणे शिकता येते, विद्युत-मंडल कळते, हा लाभ लहान नाही. फक्त एक पथ्य पाळावे. फेरबदल केला की मूळचे यंत्र नाहीसे होते आणि तुलना आठवणीशी करावी लागते. म्हणून एकाच नमुन्याचे दोन प्लेअर मिळवावेत, एकच उघडावा आणि दुसरा जसाच्या तसा ठेवावा. मग दोहोंची व्होल्टेजे मीटरने जुळवून, वर चादर टाकून, घरातल्या कोणाला तरी तारा बदलायला सांगावे.